दुसऱ्या रांगेतला बाप

मे महिन्यात, सोमवारच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी सैन्यात भरती झालो. सैन्य खोटं होतं. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं, त्याचे खेळ करणाऱ्या हौशी लोकांची ती पलटण. वर्षातून सात-आठ वेळा हे लोक कुठल्यातरी जुन्या हवेलीमागच्या कुरणात तंबू ठोकतात, त्या काळचे कपडे घालतात, त्या काळचं खातात आणि रविवारी दुपारी तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर लढाई करतात. माझा मुलगा युनिव्हर्सिटीत होता तेव्हापासून त्यांच्यात आहे. मी कधी गेलो नव्हतो. हा पोरकटपणा आहे असं माझं मत होतं आणि ते मी घरात पुष्कळदा ऐकवलेलं होतं.

या वेळी गेलो त्याला कारण होतं. फेब्रुवारीत एका रविवारी जेवताना मुलाने सांगितलं की तो खऱ्या सैन्यात जातोय. ब्रिटिश आर्मीत. अर्ज झाला होता, मुलाखत झाली होती, मेडिकलही झालं होतं, आणि बँक हॉलिडेनंतरच्या मंगळवारी शपथ होती. सव्वीस वर्षांचा मुलगा, कॉव्हेंट्रीत कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, आयटीमध्ये चांगली नोकरी, आणि हे डोहाळे. मी ताटावरून उठलो. नको ते बोललो. त्यानंतर तीन महिने आम्ही बापलेक मीठ इकडे दे, गाडी कोण नेतंय, एवढंच बोलत होतो.

शेवटी बायकोने तोडगा काढला. "अहो, चार दिवस तो तुमच्याजवळ असेल. तिथे फोन नाही, लॅपटॉप नाही. जा आणि समजवा त्याला. माझं नाही ऐकत तो, तुमचं तरी ऐकेल." माझं कोणी ऐकेल असं तिला वाटलं, हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. मी मुलाच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, "तुझ्या त्या लढाईला मी आलो तर चालेल?"

त्याने लॅपटॉप मिटला. "सिरियसली? बघायला की लढायला?"

"लढायला," मी म्हणालो. बघायला आलो असतो तर तंबू वेगळा मिळाला असता.

मला त्याला का अडवायचं होतं ते सांगायला हवं. मी पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ होतो. त्यातली काही वर्षं मिडलंड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात काढली, आणि तेव्हा लांबच्या युद्धांवरून जखमी झालेली मुलं विमानाने आमच्याकडे यायची. मी त्यांना झोपवायचो आणि परत जागं करायचो. एकोणीस-वीस वर्षांची मुलं. भूल उतरताना बहुतेकांचा पहिला प्रश्न स्वतःच्या पायाबद्दल नसायचा, बरोबरच्या माणसाबद्दल असायचा. मी घरी यायचो, आमटी-भात खायचो आणि यातलं काही बोलायचो नाही. मुलगा तेव्हा प्रायमरी शाळेत होता.

आणि दिवाळीत मीच त्याच्याबरोबर मागच्या अंगणात किल्ला करायचो. नोव्हेंबरच्या थंडीत, गोठलेल्या बोटांनी, कॉव्हेंट्रीच्या चिकट मातीचा. भारतातून आणलेले मातीचे मावळे बुरुजावर कसे उभे करायचे, तोफ कुठे ठेवायची, हे सगळं मीच शिकवलं. शूरवीर जन्माला यावा पण शेजारच्या घरात, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. आमचे शेजारी निवृत्त पोस्टमन आहेत आणि त्यांचा मुलगा केक करतो.

छावणीत शिरताना पहिल्यांदा माझं घड्याळ गेलं. मग चष्मा. "तुझी चष्मा खूप मॉडर्न आहे, बाबा," मुलगा म्हणाला आणि त्याने गोल काचांचा एक जुना चष्मा मला दिला. त्यात माझ्या नंबरच्या काचा होत्या. माझा नंबर त्याने माझ्या नकळत ऑप्टिशियनकडून काढून आणला होता. मी मनात नोंद केली. मग लोकरी तुमान, लोकरी कोट, सुती सदरा आणि बूट. त्या काळी डावा-उजवा असा बुटांत फरक नसे. दोन्ही सारखेच, पायानेच काय ते समजून घ्यायचं. माझ्या पायांनी चार दिवसांत समजून घेतलं नाही.

आमच्या तुकडीची सार्जंट ही एक पन्नाशीची इंग्रज बाई होती. एरवी ती बस चालवते. तिच्या आवाजाला लाउडस्पीकर लागत नाही आणि तिने मला नखशिखांत बघून एकच प्रश्न विचारला: गुडघे कसे आहेत? मी डॉक्टर आहे हे मुलाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग पलटणीचा सर्जन हो, करवत आहे आमच्याकडे. मी नको म्हणालो. मला भालाच हवा होता, कारण मुलगा भालाईत होता.

तिने सगळ्या नव्या लोकांना शेकोटीभोवती बसवून समजावून सांगितलं. आपण युद्धाच्या पहिल्या वर्षात आहोत. या सैन्यात सैनिक कोणीच नाही. शिंपी आहेत, विणकर आहेत, दारू गाळणारे आहेत. गणवेश नाही. शत्रूचेही कपडे असेच, भाषा हीच, देवही हाच. कोण आपला ते कळावं म्हणून टोपीत हिरवी डहाळी खोचायची. आणि सगळ्यांची खात्री आहे की एक लढाई झाली की संपलं, थंडीच्या आत घरी. ती हे अगदी वर्तमानकाळात सांगत होती. पुढे किती वर्षं ते युद्ध चाललं हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी सगळे मान डोलावत होते. मी मुलाकडे बघितलं. तोही डोलावत होता.

आम्ही पार्लमेंटच्या बाजूचे. मी मुलाला हळूच म्हणालो, "रविवारी राजाविरुद्ध लढणार आणि मंगळवारी राजाच्या नावाने शपथ घेणार. जरा एक काय ते ठरव."

"डिफरंट किंग, बाबा," तो म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तो माझ्या बोलण्यावर हसला होता.

शनिवारी सकाळी सहाला ढोल वाजला. गवताच्या गादीवर झोपल्यामुळे माझी पाठ लाकूड झाली होती आणि कानात पेंढा गेला होता. सैनिकाचं आयुष्य म्हणजे लढाई, असं मला वाटत आलं होतं. प्रत्यक्षात निम्मा दिवस पाणी वाहण्यात गेला आणि निम्मा वाट बघण्यात. हॉस्पिटलात याहून वेगळं काही नसतं. नळ कुरणाच्या टोकाला, गवताच्या भाऱ्यांमागे लपवलेला. तिथून लाकडी बादल्या भरून आणायच्या. सरपण फोडायचं. चकमकीने शेकोटी पेटवायची, तिला पाऊण तास लागला, आणि शेवटी माझ्या शेजारचा भालाईत, जो एरवी शाळेत भूगोल शिकवतो, त्याने खिशातून लायटर काढला आणि आकाशाकडे बघत काम उरकलं. मग तिवईवर मोठा हंडा: बार्ली, वाटाणे, कांद्याच्या पातीसारखी लीक, मीठ लावलेलं डुकराचं मांस. शेजारी दुसरा हंडा, तसाच पण मांसाशिवाय, कारण पार्लमेंटचं निम्मं सैन्य आता शाकाहारी आहे. बटाटा चालत नाही. टोमॅटो चालत नाही. मिरची तर नाहीच.

आणि चहा चालत नाही. तो तेव्हा इथे आलाच नव्हता. ज्या लोकांनी आमच्या अख्ख्या देशाला चहा लावला, त्यांच्याच छावणीत मी सकाळी साडेसहाला पातळ बीअर घेऊन बसलो होतो. दहापर्यंत डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी पाचला छावणी बघायला आलेले प्रेक्षक गेले आणि फाटक बंद झालं, तेव्हा सार्जंटबाईंनी स्वतः एका तंबूतून किटली बाहेर काढली. मी कुणाच्या पाया पडत नाही, पण तेव्हा पडलो असतो.

बायकोने माझ्या झोळीत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी लपवली होती. ती मी त्याच वेळी काढली. सार्जंटबाईंनी चिमूटभर तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी हुकूम काढला की पाच वाजल्यानंतर ही चटणी सतराव्या शतकातली समजण्यात यावी.

पण हे गमतीचं झालं. मी ज्या कामासाठी आलो होतो ते पुढे सरकत नव्हतं. सकाळी पाणी आणायला आम्ही दोघंच निघालो तेव्हा मी सुरुवात केली: "हे बघ, मंगळवारचं..." तेवढ्यात मागून कोणीतरी त्याला हाक मारली, एकाच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं. दुपारी पुन्हा प्रयत्न केला तर म्हणाला, "आता नको, बाबा. पब्लिक आलीये." आणि खरंच एक आजी नातवाला घेऊन दोरीपलीकडे उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, त्या काळी तुमच्यासारखे लोक होते का इथे? मी तोंड उघडण्याआधी सार्जंटबाई म्हणाल्या, तो कॉव्हेंट्रीचा आहे. आजींचं समाधान झालं.

शनिवारभर मी मुलाकडे बघत होतो. घरी या मुलाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. इथे दर दहा मिनिटांनी कोणीतरी त्याच्याकडे येत होतं. कुणाच्या बुटाचं कातडं शिवायचं, कुणाला घोट्याला पट्टी बांधायची, तोड्याच्या बंदुकीची वात ओली झाली आहे तर काय करायचं. तो आवाज न चढवता सांगत होता. मला भाला शिकवतानाही त्याने एकदा सुस्कारा टाकला नाही. भाला सोळा फुटांचा. "जड नाहीये, बाबा, लांब आहे. हाताने नाही उचलायचं. खालचं टोक मांडीवर ठेव आणि चाल." मी चौदा वेळा चुकलो असेन. कंप्युटर शिकवताना हाच मुलगा दुसऱ्या मिनिटाला माझ्या हातातून माउस काढून घेतो.

हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग येत होता. मी त्याला समजावायला आलो होतो आणि तो दिवसभर, काही न बोलता, मलाच समजावत होता.

रविवारच्या लढाईची आखणी आदल्या दिवशीच झाली. भालाइतांचे दोन चौकोन समोरासमोर येतात, भाले उभे करतात आणि खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात. अनुभवी माणसं पुढे, नवी माणसं त्यांच्या मागे. मागच्याने पुढच्याच्या पट्ट्याला एक हात लावून ठेवायचा, म्हणजे रांग तुटत नाही. मुलगा पहिल्या रांगेत होता. मी दुसऱ्या रांगेत, बरोब्बर त्याच्या मागे. माझ्या मागे भूगोलाचा मास्तर.

कोणी कधी मरायचं हेही ठरलेलं असतं. "दुसऱ्या पुशला मी पडणार आहे," मुलाने मला सांगितलं. "मी पडलो की तू माझ्या लेफ्टने पुढे जायचं. थांबायचं नाही. खाली पण बघायचं नाही. ओके?"

"ओके."

"बाबा, रिपीट कर."

"डावीकडून पुढे जायचं. थांबायचं नाही. खाली बघायचं नाही."

सार्जंटबाईंनीही सगळ्यांना बजावलं. पडलेल्या माणसाची काळजी घ्यायला मागे लोक आहेत. तुम्ही थांबलात तर मागचे दहा जण तुमच्यावर येतील. खरंच कोणाला लागलं तर दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरायचे, म्हणजे दोन्ही सैन्यं जागच्या जागी उभी राहतील. हे तीनदा सांगून झालं.

दुपारी तीनला ढोल सुरू झाले. उतारावर हजारभर माणसं सतरंज्या पसरून बसली होती, आइस्क्रीम खात होती. बंदुकांचा धूर आला, घोडे गेले, आणि मग आम्ही निघालो. माझा डावा हात मुलाच्या पट्ट्यावर होता. लोकरीतून त्याच्या घामाचा वास येत होता. क्रिकेट खेळून यायचा तेव्हाचाच. पहिला रेटा झाला. माझी छाती त्याच्या पाठीवर आणि मास्तरांची माझ्या पाठीवर. श्वास घ्यायला जागा नव्हती आणि मला, खरं सांगतो, मजा वाटत होती. आम्ही मागे आलो, भाले सरळ केले, पुन्हा पुढे गेलो.

दुसऱ्या रेट्याला माझ्या हातातला पट्टा निसटला आणि मुलगा पडला. चांगला पडला. गुडघे आधी, मग खांदा, मग मान एका बाजूला. मला सगळं माहीत होतं. डावीकडून जायचं हेही माहीत होतं, आणि माझा डावा पाय उचललाही गेला होता.

मी भाला टाकला आणि त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसलो. एक हात त्याच्या हनुवटीखाली, दुसऱ्या हाताची दोन बोटं मानेवर. पस्तीस वर्षं माणूस आडवा झाला की मी हेच केलं. आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते मला नंतर सांगण्यात आलं. मी "ऑक्सिजन" असं ओरडलो होतो.

भूगोलाचे मास्तर माझ्यावरून पलीकडे गेले आणि नाकावर आपटले. त्यांच्यावर आणखी दोघे. सार्जंटबाईंनी ते ओरडणं ऐकलं आणि दोन्ही हातांची फुली डोक्यावर धरली. क्षणात सगळं थांबलं. राजाचं सैन्य थांबलं, पार्लमेंटचं थांबलं, ढोल थांबले, घोडे लगाम खेचून उभे राहिले. माइकवरचा निवेदक उतारावरच्या लोकांना शांतपणे सांगत होता की मैदानात एक जण खरोखर जखमी झाला आहे, कृपया बसून राहा.

मुलाने डोळे उघडले नाहीत. ओठ न हलवता म्हणाला, "बाबा, आय अ‍ॅम डेड. जा."

नाडी उत्तम होती. एकशे दहा, भरलेली, नियमित. दोन सेकंदांत कळलं होतं मला. पण बोटं निघत नव्हती. माझीच बोटं आणि मला ती उचलता येत नव्हती. हिरवी जॅकेटं घातलेले प्रथमोपचारवाले स्ट्रेचर घेऊन पोचले तेव्हा त्यांनी आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटी स्ट्रेचरवरून मास्तरांना नेलं. नाक मोडलं नव्हतं, रक्त मात्र भरपूर. मी त्यांच्याबरोबर गेलो, वीस मिनिटं त्यांचं नाक चिमटीत धरून बसलो आणि माफी मागत राहिलो. ते तोंडाने श्वास घेत म्हणाले की त्यांनीही पहिल्या वर्षी लढाई सोडून पळ काढला होता, थेट कार पार्कपर्यंत. लढाई माझ्याशिवाय पुढे पार पडली. मेलेले उठले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सार्जंटबाईंनी माझा भाला इतर भाल्यांबरोबर गाडीवर चढवला आणि मला हंडे घासायला बसवलं. रागावल्या नाहीत. मला वाटतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगा माझ्याशी नेहमीसारखाच वागत होता, फक्त बोलत नव्हता. मी घासत बसलो आणि लाजेने माझे कान गरम होत होते. त्याच्या मित्रांसमोर, त्याच्या जगात, मी त्याची शोभा केली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो जे मनावर घेऊन निघाला होता त्याचा मूळ नियम मला पाळता येत नाही हे मी हजार लोकांसमोर दाखवून दिलं होतं. आता कोणत्या तोंडाने समजावणार?

सोमवारी सकाळी छावणी मोडायची होती. आमचा तंबू आम्ही दोघांनी उतरवला. जाड कापड, दवाने ओलं, त्याची चादरीसारखी घडी करायची. दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या. ताणायचं, झटकायचं, चालत एकमेकांकडे यायचं, टोकं जुळवायची, मग पुन्हा मागे जायचं. लहानपणी आई आणि मी गच्चीवर चादरींच्या अशाच घड्या करायचो.

पहिल्यांदा जवळ आलो तेव्हा मी म्हणालो, "जाऊ नकोस."

तो टोकं घेऊन मागे गेला. पुन्हा आला. "आय नो, बाबा. म्हणून तू आलास. मला फर्स्ट डेपासून माहीत होतं."

"मी त्या मुलांना बघितलंय. तू शाळेत होतास तेव्हा. मी कधी सांगितलं नाही तुला."

"आईने सांगितलंय. ती म्हणाली तू बाथरूममध्ये शॉवर चालू ठेवून रडायचास."

हे बायकोला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी कापड ताणून धरलं. काहीतरी हातात हवं होतं.

"मग कशासाठी?" मी विचारलं. "सगळं माहीत असून कशासाठी?"

तो मराठीत शब्द शोधत होता. "ऑफिसमध्ये मी नुसता असतो, बाबा. असलो काय, नसलो काय. इथे लोकांना मी लागतो. हे फेक आहे, तरी लागतो. मला एकदा खरं बघायचंय." मग म्हणाला, "तू पण रिटायर झाल्यावर सेम बोलला होता. मी कुणाला लागत नाही आता, असं. आठवतं?"

आठवत होतं. मी म्हणालो, "मला तू लागतोस." एवढं साधं वाक्य मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. तीन महिने भांडताना देश, धर्म, नोकरी, पेन्शन, आईची तब्येत सगळं काढलं होतं, हे सोडून.

त्याने मान हलवली. डोळे भरले होते त्याचे, पण तो हटला नाही, ना तिथून ना त्याच्या विचारावरून. घडी आता लहान झाली होती आणि आम्ही अगदी जवळ उभे होतो. पलीकडे कोणीतरी खुंट्या उपटून पिंपात टाकत होतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "उद्या एक फॉर्म फायनल करायचीये. मला काही झालं तर आर्मी कुणाला सांगणार, फर्स्ट. मी आईचं नाव लिहिलं होतं. तू बोलत नव्हता ना माझ्याशी." तो कापडाची कड सारखी करत राहिला. "पण काल मी पडलो आणि तू थांबलास. तुला माहीत होतं मी ओके आहे, तरी बोटं नाही काढलीस. मी डोळे बंद करून विचार करत होतो की आई एकटी घरी असेल आणि तिला कोणी येऊन सांगेल. मला ते नको. तुझं नाव लिहू?"

मला त्या कामाची पूर्ण माहिती आहे. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरच्या टोकाची, नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची ती लहान खोली, टिश्यूचा खोका, आधी नाव नीट विचारून घेण्याची पद्धत. कितीतरी वेळा दाराच्या या बाजूला मी उभा होतो. आत बसलेला माणूस आपण शब्द काढण्याआधीच आपल्या बुटांकडे बघायला लागतो. तिथे बसायला कोण तयार होईल? आणि मी हो म्हटलं की मंगळवारलाही हो म्हटल्यासारखं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तो वाट बघत होता. घाई करत नव्हता.

"माझं लिही," मी म्हणालो.

"शुअर?"

"हो. आणि मोबाइलचा नंबर दे. घरचा देऊ नकोस. तो आई उचलते."